मेरी सीकोल यांच्यावरील भाषणाची तयारी कशी करावी

दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जयंतीच्या दिवशी, परिचारिका दिन साजरा होतो आणि नर्सिंग महाविद्यालयांतील विद्यार्थिनींना भाषणे करावी लागतात. या वर्षी एकोणिसाव्या शतकातील जमैकन शुश्रूषाकर्त्या मेरी सीकोल यांच्यावर बोलण्याचे ज्यांनी ठरवले असेल, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

भाषणाची सुरुवात क्रिमियाच्या युद्धापासून (१८५३ ते १८५६ मध्ये रशियाविरुद्ध ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी लढलेले युद्ध) करू नये. सीकोल त्या रणभूमीवर पोहोचल्या तेव्हा त्या पन्नाशीच्या घरात होत्या आणि त्यांचे शिक्षण केव्हाच पूर्ण झाले होते. त्यांचा जन्म १८०५ मध्ये जमैकातील किंग्स्टन येथे झाला. वडील स्कॉटिश सैनिक होते, तर आई आफ्रिकी वंशाची स्वतंत्र स्त्री होती. गुलामगिरी कायद्याने चालू असलेल्या त्या बेटावर ती आपले विश्रामगृह चालवत असे आणि आजारी लष्करी अधिकाऱ्यांवर उपचारही करत असे. अशा स्त्रियांना तेथे ‘डॉक्ट्रेस’ म्हणत. आफ्रिकेतून आलेले वनौषधींचे ज्ञान, स्वच्छतेचा आग्रह आणि रुग्णाजवळ बसून केलेली शुश्रूषा यांवर त्यांची विद्या उभी होती. १७८० मध्ये मरणाच्या दारात असलेल्या तरुण नेल्सनची (पुढे प्रसिद्ध झालेला ब्रिटिश नौसेनानी) सेवा करणारी क्युबा कॉर्नवॉलिस ही स्त्री याच परंपरेतील होती. मराठीत सांगताना ‘आजीबाईचा बटवा’ हा शब्द सहज ओठांवर येईल, पण तो टाळावा, कारण ती हौसेची घरगुती औषधे नसून उपजीविकेचा आणि प्रतिष्ठेचा व्यवसाय होता. लहानगी मेरी आईचे पाहून आधी बाहुलीवर, मग कुत्र्या-मांजरांवर आणि शेवटी स्वतःवर औषधांचे प्रयोग करत असे. हा प्रसंग अवश्य सांगावा, कारण पुढचे सारे आयुष्य याच प्रसंगातून उलगडते.

त्यानंतर जगाचा नकाशा समोर ठेवून त्यांचा प्रवास दाखवावा. तरुणपणीचे लंडन, बहामा, हैती आणि क्युबा यांचा उल्लेख एका वाक्यात पुरतो; पनामासाठी मात्र वेळ राखून ठेवावा. १८५१ मध्ये त्या पनामातील क्रूसेस या गावी सावत्र भावाकडे गेल्या आणि थोड्याच दिवसांत तेथे कॉलऱ्याची साथ पसरली. श्रीमंतांकडून पैसे घेऊन आणि गरिबांवर विनामूल्य उपचार करून त्यांनी रुग्ण सांभाळले. रोग समजून घेण्यासाठी त्यांनी दगावलेल्या एका तान्ह्या मुलाचे नदीकाठी गुपचूप शवविच्छेदनही केले. त्यांच्या उपचारांत मोहरीचा लेप आणि दालचिनीचे पाणी होते, तसेच पाऱ्याचे कॅलोमेलही होते. कॅलोमेल घातक होते, हे आज आपण जाणतो. ही बाब लपवू नये, कारण त्या काळचे पदवीधर डॉक्टरही तेच देत असत.

वर्णद्वेषाचा विषय येथेच घ्यावा. पनामातील एका मेजवानीत एका अमेरिकन पाहुण्याने त्यांची स्तुती करता करता, त्यांची कातडी गोरी करता आली तर बरे होईल, असे उद्गार काढले. आपला वर्ण याहून कितीही काळा असता तरी आपण तितक्याच आनंदी आणि तितक्याच उपयोगी ठरलो असतो, अशा आशयाचे उत्तर त्यांनी भर सभेत दिले. १८५४ मध्ये लंडनला त्यांनी क्रिमियात सेवेसाठी अर्ज केले आणि सगळीकडून नकार मिळाला, तेव्हा याचे कारण आपला रंग तर नसेल ना, हा प्रश्न त्यांना रडवून गेला.

त्या स्वखर्चाने निघाल्या आणि १८५५ मध्ये क्रिमियातील बालाक्लावा या बंदराजवळ त्यांनी ‘ब्रिटिश हॉटेल’ उभारले. येथे काटेकोर राहावे. ते रुग्णालय नव्हते; तेथे जेवण आणि सामान विकले जाई, आजाऱ्यांना औषध मिळे, आणि सीकोल स्वतः मलमपट्टीचे साहित्य घेऊन रणांगणावर जात. त्यांना नाइटिंगेल यांच्या प्रतिस्पर्धी म्हणून उभे केले की दोघींवरही अन्याय होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. नाइटिंगेल यांनी रुग्णालयांची व्यवस्था बदलली, तर सीकोल यांनी आईकडून आलेली विद्या रुग्णापर्यंत स्वतःच्या पायांनी पोहोचवली.

युद्ध संपल्यावर त्यांचे दिवाळे निघाले. १८५७ मध्ये त्यांनी आत्मकथन प्रसिद्ध केले. आपल्या तयारीचे मुख्य साधन तेच असावे, मात्र वाचताना लक्षात ठेवावे की लेखिका इंग्रज वाचकांना आपलेसे करण्यासाठी लिहीत आहे. वडिलांच्या स्कॉटिश रक्ताचा अभिमान ती आरंभीच सांगते, पण आईचे नाव मात्र देत नाही. भाषणात आईला किमान दोन मिनिटे द्यावीत, ती याचसाठी.

१४ मे १८८१ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढे त्या विस्मरणात गेल्या. १९७३ मध्ये त्यांच्या कबरीचा जीर्णोद्धार झाला, आणि २०१६ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या आवारात त्यांचा पुतळा उभा राहिला. त्याचे छायाचित्र मिळवून ते शेवटी दाखवावे: खांद्यावर औषधांची पिशवी घेऊन त्या निर्धाराने पुढे चालल्या आहेत.