होला ओळखायचाय? आधी मान बघा

होला, म्हणजे कबुतराच्या कुळातला पक्षी, दिसला की 'होलाच आहे, चला पुढे' असं आपण सगळेच करतो, मी पण कित्येक वर्षं तेच केलं कारण लांबून सगळे सारखेच मातकट दिसतात. एकच सवय लावून घ्या, दुर्बीण पहिल्यांदा मानेवर न्यायची. अंगाच्या रंगाच्या मागे लागू नका, तो सकाळच्या उन्हात एक दिसतो आणि दुपारी भलताच.

मानेमागे काळ्यावर पांढरे ठिपके, अगदी बुद्धिबळाचा पट पांघरल्यासारखे, तर तो ठिपकेवाला होला म्हणजे स्पॉटेड डव्ह. भारतातल्या ठिपकेवाल्याच्या पंखांवर पण फिकट गुलाबीसर ठिपके असतात, त्यामुळे हा सगळ्यात सोपा. मान मागून कोरी आणि ठिपके पुढे गळ्याखाली, तांबूस पट्ट्यावर बारीक काळे, तर छोटा तपकिरी होला, लाफिंग डव्ह. आता हा बेटा पाठ करून बसला की ठिपके दिसतच नाहीत, मग साधी तपकिरी पाठ आणि पंखाच्या कडेची निळसर राखाडी पट्टी शोधायची.

मानेमागे नुसती काळी रेघ, अर्धी कॉलर म्हणा, असेल तर जरा थांबा कारण खरा घोळ इथेच होतो. अशी रेघ कंठी होल्याला असते आणि लाल होल्याला पण. कंठी मोठा, साधारण 32 सेंमी, पिठात लोळून आल्यासारखा फिकट. लाल होला जेमतेम 23 सेंमी, म्हणजे साळुंकीएवढाच, आणि नर असेल तर प्रश्नच नाही, अंग विटकरी आणि डोकं निळसर राखाडी. पण मादी तपकिरी असते आणि ती भल्याभल्यांना फसवते. मी एकदा तारेवर एकटाच बसलेला होला बघितला, शेजारी मापाला दुसरा पक्षी नाही, कंठी म्हणून वहीत लिहून मोकळा झालो, घरी येऊन फोटो झूम केला तर शेपूट आखूड आणि अंग गडद, चक्क लाल होल्याची मादी! तेव्हापासून एकट्या पक्ष्याचा साइज मी डोळ्यांनी ठरवत नाही, अंगाच्या मानाने शेपूट किती लांब आहे ते बघतो.

आवाजाने पण काम होतं. कंठी 'कु-कूऽऽ-कु' करतो, मधला सूर लांब. लाफिंग डव्ह नावाप्रमाणे हळूच गुदगुल्या केल्यासारखं हसतो आणि लाल होला भरभर घरघरतो, ते एकदा ऐकलं की डोक्यात बसतं.

पंखांवर गंजलेल्या रंगाच्या कडांचे खवले आणि मानेच्या बाजूला काळ्या-राखाडी तिरप्या रेघा दिसल्या तर ओरिएंटल टर्टल डव्ह, हा अंगाने चांगला दणकट असतो. पाचू होल्याबद्दल काय सांगायचं, हिरवे पंख, लाल चोच, जंगलात जमिनीवर चरत असतो, पण बहुतेक वेळा तो जमिनीलगत सुसाट उडून जातानाच दिसतो.

आणि हो, लहान पिल्लांच्या मानेवर खूण नीट आलेलीच नसते. अशा वेळी उगाच नाव ठोकून देऊ नका, थोडं थांबा, बऱ्याचदा आईबाप जवळपासच असतात, त्यांच्या माना बघा.