फ्लॅमेन्को गिटार स्वस्तात घ्यायचीय? मग खिशात पट्टी ठेवा

फ्लॅमेन्को या स्पॅनिश संगीताचा नावाजलेला गिटारवादक पाको दे लुसिया, त्याचे व्हिडिओ बघून डोकं फिरलंय आणि आता फ्लॅमेन्को गिटार हवीच असं झालंय ना, मग एक मिनिट थांबा. मीपण असाच नादावलो होतो, ऑनलाइन 'फ्लॅमेन्को' असं नाव दिसलं म्हणून एक चकचकीत काळी गिटार मागवली, घरी आल्यावर कळलं की आहे साधी क्लासिकलच, फक्त पिकअप (गिटारचा आवाज अ‍ॅम्पकडे नेणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) लावलेला, आणि तारा इतक्या उंच की आठवड्याभरात बोटांची सालटी निघाली. तेव्हापासून मी नाव बघतच नाही, तारांची उंची बघतो.

दुकानात जाताना कंपासपेटीतली स्टीलची पट्टी घेऊन जा, लाजू नका. १२ व्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) ती उभी धरायची आणि फ्रेटच्या माथ्यापासून सगळ्यात जाड तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजायचं (पट्टीचा शून्य अगदी कडेपासून सुरू होतो ना ते आधी बघा, नाहीतर सगळंच चुकेल). क्लासिकलला साधारण ४ मिमी असतं, फ्लॅमेन्कोला ३ च्या आसपास. मग ब्रिजजवळ (वरच्या फळीवर तारा जिथे बांधतात ती लाकडी पट्टी) तारा लाकडापासून किती वर आहेत ते बघा, इथे ७-८ मिमी म्हणजे फ्लॅमेन्कोचा घाट, १०-१२ म्हणजे क्लासिकल. कारण साधं आहे, या वादनात उजव्या हाताची बोटं तारांसोबत लाकडावरही ठोका मारतात, त्याला गोल्पे म्हणतात, आणि तारा उंच असल्या तर बोट लाकडापर्यंत वेळेत पोचतच नाही.

तारा खाली असल्या की जोरात वाजवताना जरा खरखर येते, तिला घाबरू नका. तंबोऱ्याला जवारी लागते ना, तसं फ्लॅमेन्कोवाल्यांना ती थोडी खरखर हवीच असते. पण एखाद्याच फ्रेटवर स्वर दबून जात असेल तर ती गिटार खाली ठेवा.

आता लाकूड. पारंपरिक फ्लॅमेन्को गिटारची पाठ आणि बाजू सायप्रसची, फिकट पिवळसर, म्हणून तिला ब्लांका म्हणजे पांढरी म्हणतात. वजनाला हलकी, आवाज पटकन फुटतो आणि पटकन विरतो. गंमत अशी की सायप्रस स्पेनमध्ये तिथल्या तिथे मिळायचं, स्वस्त होतं, म्हणून गरीब वादकांच्या हातात तीच गिटार असायची असं सांगतात, आणि आज चांगल्या सायप्रसची गिटार घ्यायला गेलं तर खिसा रिकामा होतो. दुसरी नेग्रा, म्हणजे काळी, ती रोझवूडची, आवाज जास्त भरदार. तिच्यात बऱ्याचदा भारतीय रोझवूड असतं, म्हणजे आपलं शिसवी, आजीच्या जुन्या कपाटाचं असतं तेच. कमी बजेटमध्ये सायप्रसऐवजी सिकॅमोरपण चालतं, त्यात कमीपणा काही नाही. पैसे घालायचेच तर वरच्या फळीत घाला, ती सॉलिड स्प्रूसची किंवा सीडरची हवी, प्लायची नको. पाठ प्लायची असली तरी निभतं. आणि त्याच किमतीत पिकअपवाली आणि बिनपिकअपची अशा दोन असतील तर डोळे झाकून बिनपिकअपची घ्या, इलेक्ट्रॉनिक्सचे पैसे शेवटी लाकडातूनच कापलेले असतात.

नव्या गिटारींत यामाहाची सीजी१८२एसएफ बघा, स्प्रूस आणि सायप्रस, सुरुवातीला खूप झाली. अलहांब्रा या स्पॅनिश कंपनीची ३एफ आणि कोर्डोबा कंपनीची एफ७ पाकोपण बघण्यासारख्या, पण मागवताना कुरिअर आणि ड्युटी धरून हिशोब करा.

आणि एवढंही बजेट नसेल तर? माझ्या मते मग सेकंडहँड चांगली क्लासिकल घ्या, नायलॉनच्या तारांची, मान सरळ असलेली. ब्रिजवरची ती हाडाची किंवा प्लास्टिकची पट्टी असते ना, सॅडल, ती खालून घासून घ्या, १२ व्या फ्रेटवर १ मिमी कमी हवं असेल तर सॅडल २ मिमी घासावं लागतं. घासण्याआधी सॅडल ब्रिजच्या वर किती आलंय ते बघा, फार थोडं उरलं तर तारांचा दाब कमी पडतो आणि आवाज मरतो. जुनं सॅडल जपून ठेवा आणि नवं आणून तेच घासा, म्हणजे बिघडलं तरी मागे फिरता येतं. मग पारदर्शक गोल्पेआदोर चिकटवा, ठोका मारायच्या जागेवरची ती पातळ प्लास्टिकची शीट, तिच्याशिवाय पॉलिशवर नखांचे ओरखडे उठतात (माझ्या गिटारवर अजून आहेत). पण एकदा लावली की काढताना पॉलिश निघू शकतं, तेव्हा नीट मापून लावा. स्टीलच्या तारा मात्र चुकूनही चढवू नका, ताण इतका जास्त की ब्रिज उखडून हातात येईल.

आणि मुंबई-कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका, दमटपणाने वरची फळी फुगते, तारा वर येतात, आणि जूनमध्ये ३ मिमी मोजलेलं ऑगस्टमध्ये ३ राहत नाही.