परदेशी भांडवल घेण्याआधी: सांगली-साताऱ्याच्या कारखानदारांसाठी तयारीची यादी

उत्पादन क्षेत्रात शंभर टक्के परदेशी भांडवल ऑटोमॅटिक रूटने घेता येतं. दिल्लीची पूर्वपरवानगी सहसा लागत नाही. पण परवानगी नाही म्हणजे मुदती नाहीत असं नव्हे. पैसे खात्यात पडले की दिवस मोजायला सुरुवात होते, म्हणून पुढची कामं त्याच्या तीन महिने आधी हातात घ्या.

सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची पेढी मालकीची किंवा भागीदारीची असेल, तर परदेशी पाहुण्याला त्यात नफा मायदेशी नेता येईल असं भांडवल घालता येत नाही. आधी प्रायव्हेट लिमिटेड करा. हळद दळणं, पॉलिश करणं, त्यातून कर्क्युमिन (हळदीतलं पिवळं द्रव्य) काढणं ही प्रक्रिया झाली, ती चालते. मोकळ्या रानात हळद पिकवण्यात मात्र हे भांडवल चालत नाही. गुंतवणूकदार सिंगापूरचा असला तरी त्याच्यामागचा खरा मालक कोण, हे लेखी घ्या. केंद्र सरकारच्या 2020 च्या प्रेस नोट 3 या आदेशानुसार भारताला जमिनीची सीमा लागून असलेल्या देशातला मालक निघाला, तर सरकारी मंजुरीचा मार्ग धरावा लागतो.

सगळ्यात जास्त वेळ शेअर खातात. कंपनी कायद्यातल्या, भांडवल आणि उलाढालीवर ठरणाऱ्या छोट्या कंपनीच्या व्याख्येत न बसणाऱ्या प्रायव्हेट कंपनीला नवे शेअर डिमॅटमध्येच द्यावे लागतात, आणि त्याआधी प्रवर्तक-संचालकांचे जुने कागदी शेअरही डिमॅट झालेले हवेत. वारलेल्या वडिलांच्या नावावरचे शेअर तसेच राहिले असतील, तर वारसांच्या सह्या आत्ताच गोळा करा. बहीण-भावांत एक जरी अडून बसला तरी महिने जातात. परदेशी भागीदाराचं पॅन आणि डिमॅट खातं निघायलाही आठवडे लागतात.

जागेचे कागद बाहेरच्या माणसाच्या नजरेने वाचा. एमआयडीसीचा प्लॉट असेल, मग तो कुपवाडचा असो की शिरवळचा, तर लीज डीड कोणाच्या नावावर आहे, बांधकाम पूर्णत्वाचा दाखला आहे का, आणि भागधारक बदलले तर महामंडळाची संमती लागते का, हे पाहा. गट नंबरातली जागा असेल तर सातबारा, बिनशेती आणि कृष्णाकाठी पूररेषा. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर हा प्रश्न येणारच. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात जेवढं उत्पादन लिहिलंय त्याहून जास्त निघत असेल, तर संमती आधी वाढवून घ्या.

मूल्यांकनाचा दाखला सीए, नोंदणीकृत मर्चंट बँकर किंवा कॉस्ट अकाउंटंटकडून घ्यायचा. शेअर त्या भावाखाली देता येत नाहीत. पैशासाठी वेगळं बँक खातं ठेवा. पाठवणाऱ्याला हेतू 'शेअर भांडवल' असाच लिहायला सांगा. निर्यातीची आगाऊ रक्कम म्हणून नोंद झाली की दुरुस्तीत मुदत संपते. मधल्या बँकेचं कमिशन कापून रक्कम कमी पडते आणि शेअरचा हिशेब जुळत नाही, म्हणून सर्व शुल्क पाठवणाऱ्याने भरायचं हे करारातच घाला.

पैसे आल्यापासून 60 दिवसांत शेअर वाटप. नाही जमलं तर पुढच्या 15 दिवसांत रक्कम परत. वाटपानंतर 15 दिवसांत पीएएस-3, म्हणजे कंपनी निबंधकाकडचा शेअर वाटपाचा फॉर्म, भरायचा, आणि तो भरेपर्यंत त्या पैशाला हात लावायचा नाही. मशीनची उचल देण्याची घाई इथेच महागात पडते. वाटपापासून 30 दिवसांत रिझर्व्ह बँकेच्या फर्म्स पोर्टलवर एफसी-जीपीआर, म्हणजे परदेशी गुंतवणूकदाराला शेअर दिल्याचा अहवाल. त्यासाठी बँकेकडून पैसे आल्याचा दाखला आणि गुंतवणूकदाराच्या ओळखीचा केवायसी अहवाल पहिल्याच आठवड्यात मागा. या अहवालाला उशीर झाला तर शुल्क 7,500 रुपये अधिक रकमेच्या 0.025 टक्के दरवर्षी, म्हणजे 5 कोटींना वर्षभराचा उशीर झाला तर 20,000. रक्कम लहान वाटते, पण पुढचा गुंतवणूकदार कागद तपासताना तोच डाग आधी दाखवतो.

त्यानंतर दरवर्षी 15 जुलैपर्यंत रिझर्व्ह बँकेकडे एफएलए रिटर्न, म्हणजे कंपनीच्या परदेशी देणी-मालमत्तेचं वार्षिक विवरण. त्या वर्षी नवा पैसा आला नसला तरी तो भरायचाच. ताळेबंद ऑडिट झाला नसेल तर कच्च्या आकड्यांवर भरून नंतर सुधारता येतो.