कारागिरांकडून घरासाठी हाताने बनवलेल्या वस्तू मागवताय? या चुका टाळा

बांबूचे ट्रे आले तेव्हा एकदम मस्त होते, पण तीनेक महिन्यांनी शेल्फवर ट्रेखाली पिवळसर पीठ पडलेलं दिसायला लागलं, पुसलं की दुसऱ्या दिवशी परत तेवढंच, आणि एक ट्रे उचलून नीट बघितला तर टाचणीच्या टोकाएवढी भोकंच भोकं. भुंगा लागला होता. 40 ट्रेंपैकी 11 फेकावे लागले. मी तणतणत फोन केला तर ज्या मावशींनी ते विणले होते त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुम्ही भर पावसात घाई केलीत. तेव्हा तोडलेल्या बांबूला कीड लागतेच. थंडीपर्यंत थांबला असतात तर चांगला बांबू दिला असता की."

बरोबरच होतं त्यांचं. पावसात बांबू वाढत असतो, त्याच्यात स्टार्च भरपूर असतो आणि किड्याला तेच हवं असतं. म्हणून जाणती माणसं तीन-चार वर्षांचा पक्का बांबू पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडतात, मग काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवतात नाहीतर बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स या कीडरोधक क्षारांच्या पाण्यात मुरवतात. हे सगळं मला त्या फोननंतर कळलं, आणि तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की "डिफेक्टिव्ह माल आला" म्हणून आपण जी बोंब मारतो ना, त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा चूक आपली असते, आपण किंमत विचारतो, फोटो मागतो, डिलिव्हरी कधी ते विचारतो, पण वस्तू कशाची बनते, कशी बनते आणि वर्षाच्या कोणत्या दिवसांत बनते हे विचारतच नाही.

(तुमच्याकडे आत्ता पीठ पडत असेल तर तो ट्रे बाकीच्यांपासून आधी लांब करा, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा, किडा मरतो. खायच्या वस्तू ठेवणार असाल तर कीटकनाशक फवारू नका प्लीज.)

सीझनची चूक फक्त बांबूत होते असं नाही. कच्छमधलं अजरख घ्या, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेलं आणि नैसर्गिक रंगांत रंगवलेलं कापड. हरड्याचं पाणी, लोखंड आणि गूळ आंबवून केलेला काळा रंग, मंजिष्ठेचा लाल, नीळ, मध्ये मध्ये धुणं आणि उन्हात वाळवणं, असे 14 ते 16 टप्पे असतात, आणि ऊनच नसेल तर कापड वाळणार कुठे? दिवाळीसाठी उशांचे अभ्रे हवेत म्हणून ऑगस्टमध्ये ऑर्डर देणं आणि मग रोज मेसेज करणं, हे करू नका, मार्च-एप्रिलमध्येच बोलून ठेवा. तिकडे घानाच्या उत्तरेला बोल्गाटांगाच्या आसपास गवताच्या टोपल्या विणणाऱ्या बायकांचंही तसंच आहे, पाऊस सुरू झाला की त्या शेतात जातात, टोपली मागे पडते, आणि पडणारच, घरात धान्य आधी लागतं.

त्या टोपल्यांवरून आठवलं, आपल्याकडे किंवा परदेशात कुणी त्या मागवल्या की पहिला मेसेज हमखास येतो, चेपून आल्यात, रिटर्न करायच्या. रिटर्न करू नका! एकात एक दाबून, चपट्या करूनच त्या पाठवतात. काठी चिरून, पिळून घेतलेलं गवत आहे ते, पाणी लागलं की मऊ होतं. टोपली थोडा वेळ पाण्यात बुडवा, बाहेर काढून हातांनी तळ दाबत, कडा गोल करत आकार द्या आणि हवेशीर जागी वाळू द्या, वाळली की तशीच राहते. फक्त मुठीला चामडं गुंडाळलेलं असेल तर ते भिजवू नका, आणि रंगीत टोपली असेल तर पहिल्यांदा थोडा रंग जाईल, पांढऱ्या टॉवेलवर ठेवू नका.

मातीच्या भांड्यांत तर फोटो बघून इतका गोंधळ होतो की विचारू नका. मेक्सिकोत ओहाकाजवळ सान बार्तोलो कोयोतेपेक गावात चकचकीत काळी मातीची भांडी बनतात, बारो नेग्रो म्हणतात त्याला. 1950 च्या दशकात दोन्या रोसा नावाच्या बाईंनी भांडं भाजायच्या आधी गारगोटीने घासून ही चमक काढली आणि ते जगभर गेलं. पण ही चमकणारी भांडी कमी आचेवर भाजलेली असतात, पाणी झिरपतं. फुलदाणी म्हणून घेऊन थेट पाणी ओतलं तर टेबलावर डाग पडणार, आत काचेचा ग्लास ठेवून मग फुलं ठेवा. आणि मेक्सिकोचीच जेवणाची झिलईवाली भांडी घेणार असाल तर झिलईत शिसं आहे का हे विचारल्याशिवाय त्यात काहीही वाढू नका, जुन्या पद्धतीच्या झिलईत शिसं असतं. याच्या उलट आपल्या मणिपूरमधल्या लोंगपीची काळी भांडी, दगडाची पूड आणि माती मिसळून, चाकाशिवाय हाताने घडवलेली, ती चक्क गॅसवर चालतात. दोन्ही काळी, दोन्ही सुंदर, वापर मात्र एकदम वेगळा. आच हळूहळू वाढवा आणि गरम भांडं ओल्या ओट्यावर ठेवू नका, एवढंच.

"सगळे सेम टू सेम पाहिजेत" हा हट्टही सोडा. छत्तीसगडमधल्या बस्तरचं ढोकरा काम बघा, म्हणजे हत्ती-घोड्यांसारख्या ओतीव पितळी मूर्ती, मातीच्या गाभ्यावर मेणाच्या बारीक तारा गुंडाळायच्या, वरून माती लिंपायची, भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या जागी पितळ ओततात, मग साचा फोडावाच लागतो. म्हणजे प्रत्येक हत्तीचा साचा एकदाच. 50 हत्ती हुबेहूब एकसारखे आले तर उलट शंका घ्या! ऑर्डर देतानाच लिहून घ्या की उंचीत एखादा सेंटीमीटर कमीजास्त चालेल, दोघांनाही त्रास नाही.

खरं-खोटं ओळखायला लोक जीआय टॅगवर, म्हणजे एखाद्या भागाच्या खास वस्तूला मिळणाऱ्या भौगोलिक मानांकनावर विसंबतात. जीआय हे त्या भागाचं आणि कलेचं नाव राखतं, तुमच्या हातातला नग कुणी बनवला ते त्यावरून कळतंच असं नाही. हातमागाच्या कापडावर हँडलूम मार्क बघा, कापड खरंच हातमागावर विणलंय याची ती सरकारी खूण, 2006 पासून आहे. पण मला सगळ्यात कामाला येतो तो साधा प्रश्न, एक नग करायला किती दिवस लागतात? 900 रुपयांची वस्तू, 200 चा कच्चा माल, दोघांचे तीन दिवस, म्हणजे माणशी दिवसाला 117 रुपयेसुद्धा पडत नाहीत. हा हिशेब कागदावर मांडला की घासाघीस करायला तोंड उघडत नाही, आणि मधल्या व्यापाऱ्याने फारच स्वस्त दिलं तर कुणाचं पोट मारून दिलंय तेही दिसतं.

राहिलं पैशाचं. माल आल्यावर पूर्ण पेमेंट, ही आपली दुकानदारीची सवय इथे चालत नाही. वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशन ही कारागिरांना रास्त मोबदला देऊन व्यापार करणाऱ्यांची जागतिक संघटना, तिचा सदस्यांसाठी नियमच आहे की हस्तकलेच्या मालाला मागितल्यास किमान 50 टक्के ॲडव्हान्स, बिनव्याजी. मी आता मागायची वाट बघत नाही, ऑर्डर पक्की झाली की निम्मे पाठवते आणि माल मोजून घेतला की त्याच दिवशी उरलेले. कारण त्या मावशींना चांगला बांबू थंडीतच घेऊन ठेवायचा असतो, आणि तेव्हा हातात पैसे नसतील तर त्या पावसाळ्यात मिळेल तो बांबू घेणार, आणि माझ्या शेल्फवर परत पीठ पडणार.