वेगळा पक्षी दिसला तर आधी वही काढा

२००८चा ऑगस्ट. सोलापूरजवळच्या मार्डीच्या माळावर अकरा केव्हीच्या विजेच्या लाईनवरचा बिघाड शोधत चाललो होतो. दोन दिवस पाऊस होऊन गेलेला, कुसळी गवत गुडघ्याला लागत होतं. त्या गवतातून कोंबडीएवढा काळा पक्षी सरळ वर उडाला, पुरुषभर उंच गेला आणि होता तिथंच खाली बसला. दोन मिनिटांनी पुन्हा तसाच. मी थांबून बघितलं, कुणालातरी विचारू म्हणलं आणि पुढच्या पोलकडे गेलो.

विचारायला तीन आठवडे लागले. ज्यांना विचारलं ते पक्ष्यांचे जाणकार. त्यांनी तीनच प्रश्न केले. डोक्यामागून निघून वर वळलेले बारीक तुरे होते का? पंखावर पांढरं होतं का? उडी मारताना काही आवाज आला का? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. तणमोर म्हणजे माळढोकाचाच गवतात राहणारा छोटा भाऊबंद. त्याचा नर पावसाळ्यात मादीला दिसावं म्हणून गवतातून असा उडतो. बहुधा तोच असेल. पण 'बहुधा' म्हणून तणमोराची नोंद कुणी घेत नाही, आणि घेऊही नये. तो पक्षी देशातून संपत चाललाय. आमच्या तालुक्यातली त्याची एक नोंद माझ्या हातात आलेली आणि मी ती घालवली. याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून हे लिहितोय.

एकतीस वर्षं मी उत्तर सोलापूर तालुक्यात वायरमन होतो. नान्नज, वडाळा, अकोलेकाटी, कारंबा हा सगळा टापू पायाखालचा. आमच्या कामात फिडर ट्रिप झाला, म्हणजे लाईन बंद पडली की वेळ, ठिकाण, पोल नंबर, कारण हे सगळं लगेच रजिस्टरला चढवावं लागतं. घरी गेल्यावर आठवून लिहिलेलं चालत नाही. पक्ष्याचंही अगदी तसंच आहे. वेगळा पक्षी दिसला की पहिल्या पाच मिनिटांत जे लिहाल तेच खरं. त्यानंतर पुस्तक उघडलं, मोबाईलवर फोटो बघितले की आपल्या डोक्यातला पक्षी हळूहळू पुस्तकातल्यासारखा व्हायला लागतो.

म्हणून नाव नंतर, वर्णन आधी. नाव माहीत असलं तरी लिहू नका. आधी आकार लिहा, तोही इंचात नको. चिमणी, साळुंकी, कबुतर, कावळा, घार, मोर या ओळखीच्या पक्ष्यांच्या मापात लिहा: 'साळुंकीपेक्षा मोठा, कबुतराहून बारीक' असं. मग चोच, पाय, डोकं, छाती, पाठ, शेपटी. बसलेला असताना कसा दिसला आणि उडाल्यावर पंखात काय दिसलं ते वेगळं लिहा, कारण पुष्कळ पक्ष्यांची खरी ओळख पंख उघडल्यावरच पटते. काय करत होता, सोबत कोण होते, ऊन कुठल्या बाजूनं होतं, किती लांबून आणि किती वेळ बघितला तेही लिहा. ऊन समोरून असेल तर बगळासुद्धा काळा दिसतो. आणि जे दिसलं नाही ते 'दिसलं नाही' असं स्पष्ट लिहा. 'पायाचा रंग दिसला नाही' या वाक्यानं नोंद कमजोर होत नाही, उलट वाचणाऱ्याचा बाकीच्या वर्णनावर विश्वास बसतो.

माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं देतो.

'२२ सप्टेंबर २०१९. सकाळी ७.४०. बार्शी रोड, वडाळ्याच्या अलीकडे, डीपीपासून तिसरा पोल, मधल्या तारेवर. मी रस्त्यावर, ऊन पाठीमागून. अंदाजे चाळीस पावलं. एकच पक्षी. नेहमीच्या नीलपंखाएवढा, बसणं तसंच. डोकं, गळा, छाती, पोट सगळं फिकट निळं. छातीवर नेहमीचा तांबूस-जांभळा रंग नाही. पाठ विटकरी. दोनदा खाली उतरून नाकतोडा घेऊन परत तारेवर. उडताना पंखाचा पुढचा भाग लखलखीत निळा, मागची मोठी पिसं काळपट. आपल्या नीलपंखाच्या पंखात गडद-फिकट निळे पट्टे दिसतात तसे नाहीत. शेपटीला टोकाशी रुंद गडद पट्टा नाही. दहा मिनिटं बघितला. आवाज नाही.'

तो युरोपीय नीलपंख होता. युरोप आणि मध्य आशियात वीण करून आफ्रिकेकडे जाताना हे पक्षी पावसाळ्याच्या शेवटी पश्चिम भारतावरून जातात. आपल्याकडे थांबलाच तर थोडे दिवस. मी वहीतलं पान मुलीला वाचून दाखवलं आणि तिनं ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरली. नोंद करायची माझ्या माहितीतली सगळ्यांत सोपी जागा हीच. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेनं २००२ मध्ये हे सुरू केलं. मोबाईलवर फुकट चालतं, पक्ष्यांची नावं मराठीतही दिसतात.

ई-बर्डवर एक चूक बहुतेक नवे लोक करतात. फक्त तो वेगळा पक्षी टाकतात आणि मोकळे होतात. तसं करू नका. त्या अर्ध्या तासात दिसलेला प्रत्येक पक्षी टाका, साळुंक्या, पारवे, कावळे, कापशी घार, सगळे, आणि आकड्यासकट. किती वेळ थांबलात, किती चाललात ते भरा. सगळी यादी असली की तुम्ही मन लावून बघत होता हे वाचणाऱ्याला कळतं. आणि आजचा कावळा उद्या दुर्मिळ होणार नाही याची खात्री कुणी द्यावी? चिमणीचं काय झालं ते आपण शहरात बघितलंच. जागा टाकताना 'सोलापूर' एवढंच टाकू नका, नकाशावर नेमका बिंदू ठेवा.

त्या भागात, त्या महिन्यात सहसा न दिसणारा पक्षी टाकला की ॲप स्वतःच खुणावतं आणि तपशील मागतं. तिथं 'नक्की तोच होता' असं लिहून भागत नाही. वहीतलं वर्णन तिथं उतरवा आणि सारखा दिसणारा दुसरा पक्षी का नव्हे ते लिहा. ही नोंद मग तपासनीस बघतात. तेही आपल्यासारखेच पक्षी बघणारे, बिनपगारी काम करणारे. चार दिवसांनी मला मेल आली: छातीवर बारीक रेघा होत्या का, पिल्लू असेल तर रंग मळकट असतो, पंखातला काळा भाग नक्की बघितला का? हा प्रश्न म्हणजे आपल्यावर अविश्वास नव्हे. दहा-वीस वर्षांनी कुणी ही नोंद वाचणार असेल, तर आज कुणीतरी ती हलवून बघायलाच पाहिजे. मी वहीतल्या दोन ओळी पुन्हा पाठवल्या आणि नोंद मान्य झाली. मान्य झाली नसती तरी माझ्या यादीत राहिलीच असती, फक्त सगळ्यांच्या नकाशावर आली नसती. त्यावरून भांडू नये. मी एकदा हारिणीच्या मादीवरून, म्हणजे भोवत्या म्हणतात त्या शिकारी पक्ष्यावरून, भांडलो होतो. पुढच्या हिवाळ्यात तशाच माद्या महिनाभर बघितल्यावर कळलं की तपासनीसांचंच बरोबर होतं.

फोटो असेल तर उत्तम. पण फोटोसाठी पक्ष्यामागे धावू नका. लांबचा, धूसर फोटोही कामाचा असतो, आकार आणि रंगांची मांडणी त्यात कळते. मोबाईल दुर्बिणीच्या भिंगाला लावून काढलेला फोटो पुष्कळदा पुरतो. मूळ फाईल जपून ठेवा, कापून रंग चढवलेली नव्हे. कॅमेऱ्यातली तारीख बरोबर लावलेली आहे का तेही बघा. आवाज करणारा पक्षी असेल तर मोबाईलवर मिनिटभर ध्वनिमुद्रण करा. आवाजावरून नाव सुचवणारं मर्लिन ॲप आहे, ते चांगलं आहे, पण ते सुचवतं, ठरवायचं आपणच. केवळ मर्लिननं नाव दाखवलं म्हणून दुर्मिळ पक्षी यादीत टाकू नका.

आता माळढोकाविषयी, कारण सोलापुरात वेगळा पक्षी म्हणलं की माणसाच्या तोंडी पहिलं नाव तेच येतं. सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णींनी १९७०च्या दशकात नान्नजच्या माळावरचे माळढोक लोकांच्या नजरेला आणून दिले, आणि १९७९ मध्ये अभयारण्य झालं. एका माणसाच्या नोंदीचं मोल किती असतं ते आपल्या तालुक्यानं बघितलंय. आता देशभरात हा पक्षी दोनशेच्या आत उरलाय, त्यातले बहुतेक राजस्थानात. आपल्या माळावर वर्षानुवर्षं मोजक्याच नोंदी होतात.

म्हणूनच माळढोकाची चुकीची बातमी फार नुकसान करते. लोक मला फोन करून सांगायचे, गेलं की बहुतेक वेळा लांडोर निघायची. कधी पांढऱ्या मानेचा करकोचा, कधी नांगरटीत उतरलेला काळा शराटी. कारंब्याच्या एका धनगर मामांनी मात्र मला बिनचूक सांगितलं होतं. मी विचारलं, "मामा, कसा होता?" ते काठी उभी धरून म्हणाले, "माझ्या कमरंएवढा. मान पांढरी, उभी. डोक्यावर काळी टोपी घातल्यागत. छातीवर काळा पट्टा, जानव्यागत नाही, आडवा. पळत नाही ओ, चालतो, पाटलागत." याहून चांगलं वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. मादी लहान असते, तिची मान राखाडी आणि पट्टा तुटक, तेवढं लक्षात ठेवा. मेंढरं राखणारी, शेतात राबणारी माणसं दिवसभर माळावर असतात. त्यांना विचारा, आणि त्यांनी दाखवलेल्या पक्ष्याच्या नोंदीत तसं लिहा.

माळढोक किंवा तणमोर दिसला तर गाडीतून उतरू नका, जवळ जाऊ नका. जागा कुणालाही पाठवू नका, घरच्या ग्रुपवरसुद्धा नाही. वर्णन लिहा आणि त्याच दिवशी वनविभागाला कळवा. जवळचं वनपरिक्षेत्र कार्यालय माहीत नसेल तर १९२६ हा वनविभागाचा मदत क्रमांक आहे. माळढोकाची मादी जमिनीवर उघड्यावर बहुधा एकच अंडं घालते. चार गाड्या बघायला आल्या, ती उठून गेली, तेवढ्यात कावळ्यानं किंवा कुत्र्यानं अंडं नेलं, की वर्ष गेलं. घरट्यांबाबत माझा नियम सगळ्याच पक्ष्यांना सारखा आहे: फोटो नाही, जागा नाही. धाविक, टिटवी, चंडोल ही सगळी आपल्या पायाखालीच अंडी घालतात. घरट्याला, अंड्याला हात लावणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हाही आहे.

मेलेला पक्षी हीसुद्धा नोंदच असते, आणि ती करायला लोक कचरतात. तारांखाली मी रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पडलेला बघितलाय, घुबडं बघितली, करकोचे बघितले. माळढोकाला तर समोरचं कमी दिसतं, अंग जड, तार जवळ आल्यावर वळता येत नाही. तारेखाली पक्षी सापडला तर दोन्ही बाजूंच्या पोलचे नंबर, तारीख आणि फोटो वनविभागाला द्या. तोच पोल पुन्हा पुन्हा आला तर काहीतरी करता येतं. पण एक वायरमन म्हणून हात जोडून सांगतो, तार तुटून खाली आली असेल किंवा लोंबत असेल तर पक्ष्याजवळ जाऊ नका, आधी वीज कार्यालयाला कळवा. तलावाकाठी एकाच वेळी पुष्कळ पक्षी मेलेले दिसले तर हात न लावता पशुसंवर्धन विभागाला आणि वनविभागाला सांगा.

अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेली पायात कडी किंवा गळ्यात रंगीत पट्टी असलेला पक्षी दिसला तर बाकी सगळं सोडून अक्षरं आणि आकडे वाचायचा प्रयत्न करा. हिप्परग्याच्या तलावावर आणि उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले हंसासारखे पाणपक्षी, येतात. मंगोलियात गळपट्टी घातलेले पट्टकादंब दक्षिण भारतात वाचले गेलेत. पट्टीचा रंग, अक्षरांचा रंग, वरून खाली वाचलं की खालून वर, सगळं टिपा. एक अक्षर दिसलं नाही तर तिथं रिकामी जागा सोडा, अंदाजानं भरू नका. कडीची माहिती मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवावी. १८८३ पासूनची ही संस्था, देशात कड्या घालण्याचं काम वर्षानुवर्षं तिनंच केलंय.

काही 'दुर्मिळ' पक्षी ओळखीचेच असतात. पांढरा कावळा म्हणजे कावळाच, रंगद्रव्य नसलेला. जुन्या वाड्यात किंवा बंद गिरणीच्या छपराखाली सापडणारी पांढऱ्या तोंडाची फिसफिसणारी 'परदेशी' पिल्लं ही गव्हाणी घुबडाची असतात. त्यांना होती तिथंच राहू द्यावं. गल्लीत हातावर येऊन बसणारा रंगीत पोपट बहुधा पिंजऱ्यातून सुटलेला असतो. तोही नोंदवा, पण 'माणसाळलेला, शेपटी झिजलेली' असं लिहा.

वही साधी, खिशात मावणारी घ्या. आणि पेन्सिल, शाईचं पेन नको. ऑगस्टमधल्या त्या सकाळी माझ्या खिशात पेन होतं, कागद ओला होता. आता सप्टेंबर ते मार्च पेन्सिल आणि वही खिशात घेऊनच मी घराबाहेर पडतो. या आठवड्यात वडाळ्याच्या त्या तारेवर आपला नेहमीचाच नीलपंख बसलेला असतो. त्याचंही पान भरून ठेवलंय.