सगळ्यांना १२०० कॅलरी? आधी आपला आकडा काढा

मागच्या जानेवारीत फोनवर वजन कमी करायचं एक ॲप टाकलं, वजन ६८, उंची १५७, वय ३८ असं सगळं खरं खरं भरलं, आठवड्याला किती कमी करायचंय विचारलं तर हावरटासारखं १ किलो दाबलं आणि त्याने सरळ दिवसाला १२०० कॅलरी हातात ठेवल्या. अकरा दिवस टिकले. बाराव्या दिवशी रात्री साडेदहाला ओट्यापाशी उभी राहून गार पिठलं-भात कढईतनंच खाल्ला, मग वही-पेन घेऊन बसले.

तर आपल्याला दिवसाला किती कॅलरी लागतात त्याचं गणित असं आहे. फॉर्म्युल्याचं नाव मिफ्लिन-सेंट जिओर, १९९० चा, नाव विसरलात तरी चालेल. वजन किलोमध्ये गुणिले १०, उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले ६.२५, दोन्हीची बेरीज, त्यातून वय गुणिले ५ वजा, मग बाई असाल तर अजून १६१ वजा आणि पुरुष असाल तर ५ मिळवायचे. माझं आलं १३१०. हा बीएमआर, नुसतं पडून राहिलं तरी शरीर साधारण एवढं जाळतंच. आता बैठं काम असेल तर याला १.२ ने गुणा, आठवड्यातले दोन-तीन दिवस चालणं वगैरे असेल तर १.३७५, चार-पाच दिवस चांगला घाम निघत असेल तर १.५५. इथे सगळे स्वतःलाच थापा मारतात बरं का, मी पण केर-फरशी धरून आधी १.५५ घेतलं होतं. खरं १.२ च होतं, म्हणजे दिवसभराची गरज १५७२.

आता गोची इथे आहे. जो तो सांगतो रोज ५०० कमी खा, आठवड्याला अर्धा किलो जाईल, कारण किलोभर चरबीत अंदाजे ७७०० कॅलरी असतात. ९० किलोच्या उंच माणसाला ते परवडतं हो, माझ्यातून ५०० काढले तर उरतात १०७२, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय बायकांनी १२०० आणि पुरुषांनी १५०० च्या खाली जाऊ नये असं साधारण धरतात. म्हणून सरसकट ५०० नको, आलेल्या आकड्याच्या १५ ते २० टक्के काढा. माझे ३०० गेले, १२७० उरले, म्हणजे महिन्याला जेमतेम सव्वा किलो. मग संध्याकाळी पाऊण तास चालणं सुरू केलं, १.३७५ ने १८०० आले, त्यातून ४०० काढून (२० टक्क्यांच्या जरा वरच गेले) आता १४०० खाते आणि रात्री कढईकडे पाय वळत नाहीत. फक्त चालण्याच्या कॅलरी ॲप वेगळ्या देतं त्या परत खाऊ नका, त्या १.३७५ मध्ये आल्यात.

टार्गेट ठरलं तरी घोळ तेलात होतो. पोळ्या सगळे मोजतात, तेल कोणीच नाही. मी एकदा तेलाची बरणी वजनकाट्यावर ठेवली, नेहमीसारखी वांग्याची भाजी फोडणीला टाकली, बरणी परत ठेवली तर ३८ ग्रॅम कमी, एका ग्रॅमला ९ कॅलरी म्हणजे नुसतं तेलच ३४२, आणि वरून कूट घातला तो वेगळाच. काटा नसेल तर महिन्याचा हिशोब करा, चार माणसांत ५ लिटरचा कॅन महिन्यात संपत असेल तर माणशी रोज जवळपास ३४० कॅलरी तेलाच्याच.

वजन रोज केलंत तरी आठवड्याची सरासरी बघा, पाळीच्या आधी किंवा लोणचं-पापड जास्त झाले की पाण्यानेच किलोभर चढतं. तीन-चार आठवडे आकडा हलवायचा नाही, सरासरी तिथेच अडकली तरच १०० कमी करायचे.

प्रेग्नंट असाल, बाळाला पाजत असाल, शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, वय १८ च्या आत असेल किंवा आधी कधी खाण्याचा आजार (ईटिंग डिसऑर्डर) झाला असेल तर हे गणित घरी करूच नका, डॉक्टरांना विचारा.

आणि चार-पाच किलो उतरले की परत वही काढायची, हलक्या शरीराला कमी लागतं. माझे आता ६४ झालेत, नवा आकडा १३५०, म्हणजे रात्रीची अर्धी पोळी गेली.