रिफर्बिश्ड लॅपटॉप घेताना ग्रेड वाचण्यात होणाऱ्या या चुका टाळा

'ए प्लस ग्रेड, एकदम नव्यासारखा.' व्हॉट्सॲप स्टेटसवरची अशी ओळ वाचून वाशीला किंवा ठाणे स्टेशनजवळच्या दुकानात निघण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. रिफर्बिश्ड म्हणजे वापरलेला, दुरुस्त-तपासणी करून पुन्हा विकायला ठेवलेला लॅपटॉप. ए, बी, सी हे ग्रेड विकणारा स्वतः ठरवतो. सगळ्या दुकानांना बांधील असे एकच मोजमाप नाही, त्यामुळे एकाचा बी दुसऱ्याच्या ए पेक्षा सरस निघू शकतो. शिवाय बहुतेक ठिकाणी ग्रेड म्हणजे फक्त वरचे रूप: झाकणावरचे ओरखडे, कोपऱ्यातला पोचा, कीबोर्डची झिजलेली अक्षरे. बॅटरीत किती जीव उरला आहे, डिस्क किती तास चालली आहे, मशीन जुन्या कंपनीच्या खात्याला अजून जोडलेले आहे का, यातले काहीच ग्रेड सांगत नाही.

म्हणून दुकानात जाण्याआधी मेसेजवरच विचारा: तुमच्या ए ग्रेडमध्ये काय काय धरले आहे, बॅटरी किमान किती टक्के मिळेल, कोणते भाग बदलले आहेत, वॉरंटीत बॅटरी आणि चार्जर येतात का. उत्तर लेखी हवे. फोनवर 'सगळं ओके आहे' म्हणणारा मेसेजमध्ये आकडा लिहायला टाळत असेल, तर ते दुकान सोडून द्या.

एक सरळ सल्ला. लॅपटॉप रोज कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या बॅगेतून जाणार असेल, तर चकचकीत ए साठी जादा पैसे मोजू नका. झाकणावर बारीक ओरखडे असलेला, पण आतून धडधाकट बी ग्रेड घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या बॅटरीसाठी ठेवा.

बॅटरीचा आकडा न बघणे

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट' ही कमांड इंग्रजी अक्षरांत द्या. तिरक्या रेघेआधी एक जागा सोडायची. फाइल कुठे साठवली ते लगेच खालच्या ओळीत दिसते. ती ब्राउझरमध्ये उघडून 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' शोधा. पहिली ५०,००० आणि दुसरी ३१,००० मिलीवॅट-तास असेल, तर बॅटरी ६२ टक्के उरली आहे. ८० च्या वर असेल तर उत्तम. ६० च्या आसपास असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून घासाघीस करा.

इथे एक फसगत होते. हलक्या सेलची नवी बॅटरी टाकलेली असली की दोन्ही आकडे तंतोतंत सारखे दिसतात, सायकल काउंट (बॅटरी किती वेळा पूर्ण वापरून चार्ज झाली तो आकडा) शून्य असतो, आणि गिऱ्हाईक खूश होते. मग ४० टक्क्यांवर असताना मशीन अचानक बंद पडते, कारण सेलचे व्होल्टेज भार येताच कोसळते. म्हणून रिपोर्टवर थांबू नका. चार्जर काढा, ब्राइटनेस पूर्ण ठेवा, अर्धा तास व्हिडिओ चालवा आणि दर दहा मिनिटांनी टक्के लिहून ठेवा. उतार एकसारखा हवा, मध्येच उडी नको.

लॅपटॉप सपाट काचेवर ठेवूनही पाहा. तो डुगडुगत असेल, टचपॅड वर आलेला असेल किंवा क्लिक घट्ट झाली असेल, तर आत बॅटरी फुगली असण्याची दाट शक्यता आहे. तसे मशीन कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका, फुगलेल्या बॅटरीला आग लागू शकते.

कंपनीचे कुलूप न तपासणे

ही चूक सर्वात जास्त नुकसान करते, आणि ती दुकानात दिसत नाही. 'महाप्याच्या (नवी मुंबईतल्या) कंपनीतला माल आहे' असे अभिमानाने सांगितले जाते. लीज संपलेले ऑफिसचे लॅपटॉप बांधणीने खरोखरच दणकट असतात. पण कंपनीने आपल्या यादीतून मशीन काढले नसेल, तर विंडोज पुन्हा टाकून इंटरनेट जोडताच त्या कंपनीच्या ईमेलने लॉगिन करायला सांगणारा पडदा येतो. दुकानदार वायफायशिवाय सेटअप करून दाखवतो, म्हणून तिथे सगळे सुरळीत वाटते.

उपाय वेळखाऊ आहे, पण दुसरा नाही. पैसे देण्याआधी दुकानातच 'रीसेट धिस पीसी' करून सर्व काही पुसायला लावा आणि नवा सेटअप स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करा. तास-दीड तास हाताशी ठेवूनच जा. स्टेशनबाहेर उभ्याउभ्या होणाऱ्या सौद्यात हे शक्यच नसते, म्हणून तसा सौदा करू नका.

त्यानंतर बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारी मशीनची मूळ सेटिंग, उघडा. त्यासाठी मशीन सुरू होताना बटण दाबायचे: डेलमध्ये एफ २, एचपीमध्ये एफ १०, थिंकपॅडमध्ये एफ १. पासवर्ड मागितला तर व्यवहार तिथेच थांबवा. आत सिरियल नंबर किंवा सर्व्हिस टॅग दिसतो. तो तळाच्या स्टिकरशी जुळला पाहिजे. जुळत नसेल तर मदरबोर्ड किंवा तळ बदललेला आहे. डेलच्या सपोर्ट साइटवर हा टॅग टाकला की कारखान्यातून निघताना कोणते भाग होते तेही कळते. मॅकबुक असेल, तर आधीच्या मालकाने 'फाइंड माय' बंद करून ॲक्टिव्हेशन लॉक (मशीनला त्याच्या ॲपल खात्याशी बांधणारे कुलूप) काढलेला हवा.

'आय ५' एवढ्यावर भागवणे

इंटेलचा आय ५ प्रोसेसर दहा वर्षांपूर्वीचाही असतो. पुढचा आकडा वाचा: आय ५-७३०० यू म्हणजे सातवी पिढी, ८३५० यू म्हणजे आठवी, ११३५ जी ७ म्हणजे अकरावी. इंटेलमध्ये विंडोज ११ साठी साधारण आठव्या पिढीपासून अधिकृत पाठिंबा आहे, आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सातव्या पिढीवर जुगाड करून ११ टाकलेले असते. ते आज चालते, पण पुढचे अपडेट मिळतील याची हमी नाही. अशा मशीनला कुठलाही ग्रेड लावला तरी घेऊ नका.

टास्क मॅनेजरमध्ये रॅमचे किती स्लॉट भरले आहेत ते पाहा, म्हणजे पुढे वाढवता येईल का ते कळते. काही पातळ मॉडेलांत रॅम बोर्डावरच डकवलेली असते, तिथे आज आहे तेवढीच कायम. डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम चालवा, डिस्क किती तास चालली ते तो दाखवतो. ऑफिसचे मशीन वर्षाला साधारण २,००० तास चालते. तीन वर्षे वापरलेल्या मशीनमधली एसएसडी २० तास दाखवत असेल, तर ती बदललेली आहे. बदलणे वाईट नाही, पण कोणत्या ब्रँडची टाकली आणि तिची वॉरंटी किती, हे विचारा.

चकाकीवर विश्वास ठेवणे

झाकणावर डिझाइनचा स्किन चिकटवला असेल तर खाली पोचा लपलेला असू शकतो. कोपरा उचलून पाहा. स्क्रूच्या खाचेत रंग साचला असेल तर बॉडी पुन्हा रंगवली आहे. स्क्रीन पूर्ण पांढरी, काळी, लाल, हिरवी, निळी करून बघा. पांढऱ्यावर दिसणारे फिकट ठिपके दाबाचे असतात. ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीत चेपलेल्या बॅगेतल्या लॅपटॉपला ते सहज पडतात आणि कमी होत नाहीत. झाकण सावकाश उघडताना बिजागरीपाशी कडकड आवाज किंवा फट नको.

ठाणे-नवी मुंबईच्या खाडीकाठच्या दमट हवेमुळे इथे आणखी एक तपासणी करायची: यूएसबी आणि एचडीएमआय पोर्टमध्ये मोबाइलचा टॉर्च मारा. हिरवट-पांढरा थर किंवा तळाच्या स्क्रूवर गंज म्हणजे आत ओल शिरलेली आहे.

एसीच्या दुकानात पंखा शांत राहतो. पंधरा मिनिटे व्हिडिओ कॉल आणि दहा-बारा टॅब एकदम चालू ठेवा. मशीन अडखळायला लागले तर बहुधा थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) सुकलेली किंवा पंखा धुळीने भरलेला असतो. दोन्ही दुरुस्त होतात, पण ते दुकानदाराने करून द्यायचे.

घरी आणल्यावर

डेल सुरू होताना ॲडॉप्टर ओळखता येत नाही असा संदेश आला, बॅटरी चार्ज होईना आणि वेग मंदावला, तर आधी चार्जर बदलून बघा. नकली चार्जरमधून ओळखीचा सिग्नल जात नाही, म्हणून मशीन स्वतःला आवरते. वॅटही निदान मूळ चार्जरइतके हवे.

बिलावर मॉडेल, सिरियल नंबर, 'रिफर्बिश्ड' हा शब्द, ग्रेड आणि वॉरंटीचे दिवस लिहून घ्या. बदलून देण्याची मुदत सात दिवसांची असेल, तर वरच्या सगळ्या चाचण्या घरी पहिल्या दोन दिवसांत पुन्हा करा आणि बिघाडाचा व्हिडिओ ठेवा. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते: वाशी-ऐरोलीकरांसाठी ठाणे जिल्हा, खारघर-पनवेलकरांसाठी रायगड.